घरट्यातील माशी आणि नकाशावरील रेघ

डार्विनच्या फिंच पक्ष्यांचा धडा आपल्याकडे चोचीपाशी सुरू होतो आणि चोचीपाशीच संपतो. १८३५ साली एक तरुण निसर्गअभ्यासक गालापागोस बेटांवर उतरला, त्याने निरनिराळ्या चोचींचे पक्षी पाहिले, आणि पुढे जगाचे आकलन बदलले. त्या पक्ष्यांच्या घरट्यांत आज काय घडते आहे, ते मात्र कुणी सांगत नाही.

फिलोर्निस डाउन्सी ही आपल्या घरमाशीच्याच कुळातील एक माशी. प्रौढपणी ती कुजक्या फळांवर आणि फुलांतील मधावर जगते. तिच्याबद्दल तक्रार करावी असे काही नाही. पण अंडी ती पक्ष्यांच्या घरट्यात घालते. अळ्या प्रथम पिल्लांच्या नाकपुड्यांत शिरतात, मोठ्या झाल्यावर घरट्याच्या तळाशी दडून बसतात आणि रात्री वर येऊन रक्त शोषतात. काही हंगामांत, अभ्यासकांनी पाहिलेल्या घरट्यांतील एकही पिल्लू उडाले नाही. जी तगतात, त्यांपैकी कित्येकांच्या चोचीवरील नाकपुड्या जन्मभर विद्रूप राहतात. ज्या चोचीने उत्क्रांतीचे दर्शन घडवले तिच्यावरच हा घाव बसावा, हा योगायोग मला फार बोचतो.

ही माशी मूळची दक्षिण अमेरिका खंडाची आणि त्रिनिदादची. बेटांवरील घरट्यांत ती प्रथम आढळली १९९७ साली. नंतर जुने संग्रह चाळताना १९६४ मध्ये तिथे पकडलेले नमुनेही सापडले. खंडापासून हजारेक किलोमीटरचा समुद्र ती स्वबळावर ओलांडून आली असेल यापेक्षा माणसाच्या बोटीतून किंवा विमानातून आली असेल, हेच अधिक संभवनीय. खंडावर तिला तिच्या शत्रूंचा धाक असतो, आणि तिथले पक्षी तिला जुने परिचित आहेत. बेटावर यातले काहीच नाही. (बेटांवरचा मॉकिंगबर्ड बराच तगून राहतो, कारण पीडित पिल्ले अधिक ओरडतात आणि आईबाप अधिक चारा आणतात. फिंचना हे जमलेले दिसत नाही.)

'निसर्गात ढवळाढवळ नको' असे म्हणणारे सज्जन मला इथे पटत नाहीत. ढवळाढवळ होऊन कित्येक दशके लोटली. आता हात बांधून बसणे म्हणजे तटस्थता नव्हे. खंडावर कोनुरा अन्युलिफेरा नावाची, गांधीलमाशीच्या गोत्रातील एक चिमुकली माशी आहे. ती फिलोर्निसच्या कोषांत अंडी घालून त्यांचा नाश करते. तिला बेटांवर सोडावे का, हा खरा वादाचा मुद्दा. मुंगूस आणि केन टोड यांच्या कथा ठाऊक असलेल्याला धडकी भरणारच. पण ते दोघेही मिळेल ते खाणारे प्राणी होते. याच बेटांवर २००२ साली, झाडांचा रस शोषणाऱ्या परकीय किडीविरुद्ध एक लेडीबर्ड भुंगेरा बराच काळ पारखून सोडला गेला, आणि त्याने अनर्थ केला नाही. इतकीच कडक पारख होणार असेल तर मी सोडण्याच्या बाजूचा आहे.

मात्र स्वकीय-परकीय एवढ्यावर हा न्याय उरकता येत नाही. टास्मानियातील फोर्टी-स्पॉटेड पार्डलोट या चिमण्या पक्ष्याच्या पिल्लांना पासेरोमायिया लाँगिकॉर्निस ही माशी मारते, आणि ती तिथलीच आहे. पक्षी संकटात आला तो मुख्यतः झाडे गेल्यामुळे. उरलेल्या थोड्यांना ही जुनी सोबतीणही जड झाली. तिथे परका शत्रू आणून सोडण्याचा विचार मला अन्यायाचा वाटेल. अभ्यासकांनी केले ते निराळे: कीटकनाशक लावलेली पिसे ठेवली, पक्ष्यांनी ती आपणहून घरट्यात नेली, आणि बहुतेक पिल्ले वाचली. गालापागोसवरही पर्मेथ्रिन लावलेल्या कापसाचा असाच प्रयोग झाला.

परोपजीवी म्हटले की आपण 'बांडगूळ' म्हणून शिवी हासडून मोकळे होतो. माशीला शिवी कळत नाही, आणि खारफुटीतील फिंचला तिचा उपयोग नाही. इसाबेला बेटाच्या किनाऱ्यावर हे पक्षी शंभरेक उरले. २०१४ पासून त्यांची अंडी घरट्यांतून काढून, पिल्ले माणसांच्या हातांनी वाढवून, पुन्हा त्याच खारफुटीत सोडण्याचे काम काही हंगामांत केले गेले.