गिरणीचा धूर गेला कुठे? धूरबंदीच्या दोनशे वर्षांचा हिशेब

१/
फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. कोळशावाचून गिरणी चालू शकते, हे शहराने पाहिले. सहा वर्षांनी, एप्रिल १९२१ मध्ये, मुळशी खोऱ्यातील मावळे धरणाच्या कामावर सत्याग्रहासाठी उतरले. इतिहासाच्या पुस्तकांत पहिली घटना बहुधा उद्योगाच्या प्रकरणात असते आणि दुसरी लोकलढ्यांच्या. गिरणीच्या धुराचा माग काढत गेल्यास मात्र दोन्ही एकाच प्रकरणात येऊन बसतात.

२/
कारखान्यांच्या भट्ट्या, बॉयलर आणि कचरा जाळणाऱ्या दहनभट्ट्या यांच्या धुराला कायद्याने आवर घालण्याचा इतिहास सुमारे दोनशे वर्षांचा आहे. शहर काळवंडले, लोक जागे झाले, कायदा आला आणि आकाश निवळले, अशी ही कथा सहसा सांगितली जाते. तीत एक प्रश्न गळून पडतो: धूर गेला, तो कुठे गेला? या धाग्याचे प्रतिपादन असे की, धुराच्या कायद्यांनी पुष्कळदा धूर संपवला नाही. तो कोणाच्या वाट्याला जावा, हे ठरवले.

३/
आरंभ इंग्लंडपासून करावा लागतो. १८२१ मध्ये तेथील संसदेने वाफेच्या यंत्रांच्या भट्ट्यांविरुद्ध खटला भरणे सुलभ करणारा कायदा केला. १८५३ मध्ये पामर्स्टन गृहमंत्री असताना खास लंडनसाठी धूर-उपद्रव कायदा झाला. कारखान्यांच्या भट्ट्या आणि थेम्स नदीतील वाफेच्या बोटी त्याच्या कक्षेत आल्या. घराघरांत जळणारा कोळसा मात्र बाहेर राहिला. इंग्रज गृहस्थाच्या घरातील शेकोटीला हात लावण्याचे धैर्य संसदेत नव्हते. ही सवलत पुढे सुमारे शंभर वर्षे टिकली आणि तिची किंमत लंडनकरांनीच मोजली.

४/
१८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने देशभरातील कारखान्यांच्या धुराड्यांना उपद्रवांच्या यादीत बसवले. पण ‘काळा धूर’ असा शब्द वापरून. मग न्यायालयात वाद रंगू लागला तो रंगावर. आमचा धूर काळा नाही, गडद तपकिरी आहे, असा बचाव कारखानदार करीत. एका विशेषणाने मालकांना पळवाट दिली आणि ती बुजवायला १९२६ चा कायदा यावा लागला. धुराच्या कायद्यात विशेषणे कोण लिहितो, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

५/
याच काळात इंग्लंडमध्ये एक अगदी निराळा कायदा झाला: १८६३ चा अल्कली कायदा. साबण, काच आणि कापड यांसाठी लागणारा सोडा तेव्हा लब्लांक पद्धतीने बनत असे. मिठावर गंधकाम्लाची क्रिया केली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे आणि आसपासची झाडे, कुंपणे, पिके करपून जात. नव्या कायद्याने धुराच्या रंगाची चर्चाच केली नाही. या वायूपैकी ९५ टक्के भाग कारखान्यातच अडवला गेला पाहिजे, असा थेट आकडा त्याने घातला.

६/
आकडा घातला म्हणजे मोजणारा हवा. म्हणून रॉबर्ट अँगस स्मिथ हा रसायनशास्त्रज्ञ मुख्य निरीक्षक नेमला गेला आणि त्याच्या हाताखाली चार उपनिरीक्षक आले. हे निरीक्षक केंद्र सरकारचे होते. गावच्या कारभारात कारखानदाराचे वजन कितीही असले, तरी त्याच्या धुराड्याचे मोजमाप बाहेरचा माणूस करणार होता. कायदा लवकरच परिणामकारक ठरला. ‘आम्लवर्षा’ ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेयही याच स्मिथला दिले जाते.

७/
संसदेला अचानक एवढी निश्चयी बुद्धी कशी सुचली? १८६२ मध्ये या प्रश्नाची चौकशी करणारी उमरावांच्या सभागृहाची समिती लॉर्ड डर्बीच्या पुढाकाराने बसली होती. सेंट हेलेन्सच्या सोडा कारखान्यांजवळच त्याची नोस्ली ही जहागीर होती. मजुरांची फुप्फुसे कित्येक वर्षे जळत होती. जमीनदारांची झाडे जळू लागली, तेव्हा टक्केवारी कायद्यात आली. कायदा चांगला होता. तो कोणाच्या दुःखाने जन्मला, हेही नोंदवले पाहिजे.

८/
आणि अडवलेला वायू गेला कुठे? कोक भरलेल्या उंच मनोऱ्यात वरून पाणी सोडायचे, वायू त्यात विरघळवायचा, ही युक्ती विल्यम गॉसेजने १८३६ मध्येच काढली होती. त्यातून तयार झालेले आम्लयुक्त पाणी कित्येक ठिकाणी ओढ्या-नद्यांत सोडले गेले. हवा सुधारली आणि पाणी बिघडले. पुढे त्याच आम्लापासून क्लोरीन आणि विरंजक चूर्ण बनवणे किफायतशीर झाले, तेव्हा कुठे हे ओझे खऱ्या अर्थाने हलके होऊ लागले.

९/
हिंदुस्थानात धुराच्या कायद्याचा मान प्रथम कोलकात्याला मिळाला. १८६३ मध्येच कोलकाता-हावड्यासाठी एक कायदा झाला होता. तो फारसा चालला नाही. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत इंग्लंडहून तज्ज्ञ बोलावून पाहणी झाली आणि १९०५ मध्ये बंगाल धूर-उपद्रव कायदा आला. स्वतंत्र आयोग आणि निरीक्षक हे त्याचे वैशिष्ट्य. शुभ्र संगमरवरातील व्हिक्टोरिया स्मारकाची योजना याच वर्षांत आकार घेत होती. साम्राज्याच्या राजधानीला काजळी शोभणारी नव्हती.

१०/
निरीक्षकाच्या हाती साधन होते रिंगेलमान तक्ता. मॅक्सिमिलियॉं रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकाने तो १९ व्या शतकाच्या अखेरीस तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या. ० म्हणजे पांढरा, ५ म्हणजे पूर्ण काळा, आणि प्रत्येक पायरी २० टक्क्यांची. तक्ता समोर धरायचा, धुराड्याकडे पाहायचे आणि छटा जुळवायची. साधन स्वस्त आणि सोपे होते. त्याला दिसत फक्त काजळी. गंधकाचा वायू डोळ्यांना दिसत नसल्याने या तक्त्यावर त्याची नोंदच होत नसे.

११/
मुंबईचा धूर-उपद्रव कायदा १९१२ चा. आयोग, निरीक्षक, भट्ट्यांवर देखरेख हा साचा बंगालचाच. प्रेत जाळण्याची भट्टी आणि खाजगी घरातील चूल यांना सूट होती. १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली गिरणी निघाली, तेव्हापासून परळ, लालबाग, भायखळा येथे धुराड्यांचे रानच उभे राहिले होते. त्या धुराड्यांच्या पायथ्याशी चाळी होत्या आणि चाळीत रत्नागिरी, सातारा, पुण्याकडून आलेले कामगार. मलबार हिलवर राहणारा मालक कोळशाचे बिल भरत असे. काजळी चाळीतल्या दोरीवरच्या कपड्यांवर बसे.

१२/
गिरण्यांचा धूर कमी होण्यामागे निरीक्षकाच्या तक्त्यापेक्षा सह्याद्रीच्या पावसाचा वाटा मोठा असावा. टाटा जलविद्युत कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. लोणावळा, वळवण, शिरवटा येथे पाणी अडवायचे, घाटाखाली खोपोलीला सोडायचे आणि वीज मुंबईला न्यायची, अशी ही योजना. कोळसा दूरवरून आणावा लागणाऱ्या शहरासाठी ती वरदानच होती. मागणी वाढली, तशी दुसरी योजना आंध्र खोऱ्यात आणि तिसरी मुळशीला आखली गेली.

१३/
मुळशीच्या धरणाखाली सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकार कंपनीच्या पाठीशी उभे राहिले. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला, बापट तुरुंगात गेले, आणि धरण झाले. मुंबईची हवा हलकी करणाऱ्या विजेची किंमत मावळातल्या भातखाचरांनी दिली. धुराच्या इतिहासात या खाचरांची नोंद कुठे केली जात नाही.

१४/
लंडनने शंभर वर्षांपूर्वी दिलेली सवलत १९५२ मध्ये उलटली. ५ ते ९ डिसेंबर या दिवसांत धुके आणि कोळशाचा धूर शहरावर गोठून राहिला. तेव्हाच्या अंदाजाने सुमारे ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. दोषी केवळ कारखाने नव्हते. घरोघरच्या शेकोट्याही होत्या. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्याने प्रथमच घरालाही नियमांत आणले आणि शेगड्या बदलण्यासाठी सार्वजनिक पैशातून अनुदान दिले. गरिबाने इंधन बदलावे असे वाटत असेल, तर खर्चाचा भार सरकारने उचलावा लागतो, हा या कायद्यातील सर्वांत शहाणा भाग.

१५/
त्याच धोरणात दुसरा, कमी शहाणा भाग होता: धुराडी उंच बांधा. उंच धुराड्यातून निघालेला गंधकाचा वायू जवळच्या वस्तीवर उतरत नाही, हे खरेच. तो वाऱ्याबरोबर उत्तर समुद्र ओलांडून नॉर्वे-स्वीडनकडे जाऊ लागला. तेथील तळी आम्लधर्मी होऊन मासे नाहीसे होत होते. १९६७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ स्वान्ते ओडेन यांनी या पावसाचा संबंध परदेशी धुराशी जोडून दाखवला. ब्रिटनच्या हवेचा हिशेब आता स्वीडनच्या तळ्यांत मांडला जात होता.

१६/
जून १९७२ मध्ये पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, ती याच स्वीडनच्या राजधानीत. स्टॉकहोमला इंदिरा गांधी उपस्थित होत्या. भारताच्या १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्याच्या उद्देशिकेत या परिषदेचा स्पष्ट उल्लेख आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याआधीच, १९७० मध्ये, पाण्यासाठी स्थापन झाले होते. हवेचे काम नंतर त्याच्याकडे आले. स्वीडनमधील मेलेले मासे आणि चाकणच्या कारखान्याला घ्यावे लागणारे संमतीपत्र यांच्यामध्ये असा एक धागा आहे.

१७/
आता दहनभट्टी. कचरा जाळण्याची पहिली पद्धतशीर भट्टी १८७४ मध्ये नॉटिंगहॅमला उभी राहिली. तिला ‘विध्वंसक’ असेच नाव होते. कचऱ्याचा डोंगर नाहीसा होतो, उरते मूठभर राख: शहरांच्या कारभाऱ्यांना ही जादू वाटली. १९७७ मध्ये डच संशोधकांनी नेदरलँड्समधील अशा भट्ट्यांच्या राखेत आणि धुरात डायॉक्सिन नावाची घातक संयुगे सापडल्याचे प्रसिद्ध केले. शंभर वर्षे डोळे धुराच्या रंगावर खिळले होते. विष रंगहीन होते.

१८/
भारतात रुग्णालयांच्या कचऱ्यासाठी १९९८ मध्ये आणि नंतर २०१६ मध्ये नियम झाले. २०१६ च्या नियमांनुसार भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १,०५० अंश सेल्सिअस तापमान हवे, वायू तेथे किमान दोन सेकंद राहिला पाहिजे, धुराडे किमान ३० मीटर उंच असले पाहिजे आणि डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. रिंगेलमानच्या तक्त्यापासून हा केवढा प्रवास! तरीही डायॉक्सिनची चाचणी वर्षातून एकदा करणे पुरते. उरलेल्या ३६४ दिवसांचा भरवसा भट्टी चालवणाऱ्यावर.

१९/
मुंबईतील जैववैद्यकीय कचऱ्याची भट्टी गोवंडीला होती, हा योगायोग मानणे कठीण आहे. शेजारी देवनारची कचराभूमी, भोवती शहरातील अत्यंत गरीब वस्ती. रहिवाशांनी उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०२३ मध्ये भट्टी रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात हलवण्यासाठी दोन वर्षांची मुदत न्यायालयाने दिली. गोवंडीकरांचा लढा न्याय्यच होता. पण ज्या खोपोलीच्या विजेने मुंबईचा धूर हलका केला, ती खोपोलीही खालापूर तालुक्यातच आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटू नये.

२०/
यावर आक्षेप येईल: मग कायदे निरर्थक होते का? मुळीच नाही. अल्कली कायद्याने मोजून दाखवता येईल अशी सुधारणा केली. १९५६ च्या कायद्यानंतर लंडनचा काळा धूर सरला. चाळीतल्या मुलाच्या छातीत कमी काजळी जाणे, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न कायदा असावा की नसावा हा नाहीच. ओझे एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणाऱ्या कायद्याला ‘यश’ म्हणावे का, हा आहे.

२१/
ओझे खरोखर कमी झाले, ते ठराविक वेळीच. टाकाऊ वायूपासून विरंजक चूर्ण होऊ लागले, तेव्हा. सरकारने घराघरांतील शेगडी बदलून दिली, तेव्हा. म्हणजे मुळात जाळायचेच कमी झाले किंवा जळून उरणारे उपयोगाला आले, तेव्हा. केवळ धुराड्याची उंची वाढली, भट्टीची जागा बदलली किंवा धुराचा रंग फिका झाला, तेव्हा बिल फक्त दुसऱ्या पत्त्यावर गेले.

२२/
म्हणून धुराचा कोणताही कायदा वाचताना, तो १८५३ चा असो वा उद्याचा, चार प्रश्न विचारावेत. कोणता धूर धरला आहे आणि कोणता सोडला आहे? मोजणारा कोण आहे आणि तो किती वेळा मोजतो? सूट कोणाला आहे? आणि येथून हटवलेला धूर कोणाच्या शेतावर, तळ्यावर, वस्तीवर उतरणार आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या कलमांत मिळतात. चौथ्याचे उत्तर शोधायला मुळशीच्या काठावर किंवा खालापूरच्या रस्त्यावर जावे लागते.

(धागा समाप्त)