नैसर्गिक कुटुंब नियोजन : मदतसंस्थांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुटुंब नियोजनासाठी काम करणाऱ्या अनेक मदतसंस्थांच्या पत्रकांत नसबंदी, तांबी, गोळ्या आणि निरोध यांची सविस्तर माहिती असते. नैसर्गिक पद्धतींचा उल्लेख मात्र अखेरीस आणि बहुधा अविश्वासाच्या सुरात होतो. या अविश्वासामागे काही रास्त कारणे आहेत. तितकेच काही गैरसमजही आहेत.

पहिला गैरसमज म्हणजे नैसर्गिक पद्धत ही केवळ दिनदर्शिकेवर दिवस मोजण्याची पद्धत होय. बीजोत्सर्जन पुढील पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी होते, हे जपानचे क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले. त्यावर आधारलेली दिवसगणना पाळी अनियमित असल्यास फसते. भारताला याचा अनुभव लवकर आला. तत्कालीन आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या कारकिर्दीत, १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने डॉ. अब्राहम स्टोन भारतात आले आणि दिल्लीतील लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे या पद्धतीचे प्रयोग झाले. दिवस लक्षात राहावेत म्हणून महिलांना मण्यांच्या माळा देण्यात आल्या. परंतु हा प्रयोग यशस्वी ठरला नाही. त्या अपयशाची छाया आजही सर्वच नैसर्गिक पद्धतींवर पडलेली दिसते.

वास्तविक, त्यानंतर या शास्त्रात बरीच भर पडली. ऑस्ट्रेलियाचे जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज यांनी गर्भाशयमुखाच्या स्रावाच्या निरीक्षणावर आधारित पद्धत विकसित केली. स्राव आणि शरीराचे तापमान या दोन्हींची नोंद ठेवणारी पद्धतही रूढ झाली. २६ ते ३२ दिवसांचे चक्र असणाऱ्या महिलांसाठीच्या ‘प्रमाणित दिवस’ पद्धतीत आठव्यापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंतचा काळ गर्भधारणेस अनुकूल मानला जातो. झारखंडमध्ये हीच पद्धत ‘माला चक्र’ या नावाने पोहोचविण्यात आली.

अशिक्षित महिलांना हे जमणार नाही, हा दुसरा समज. जागतिक आरोग्य संघटनेने बंगळूरसह पाच केंद्रांत केलेल्या आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ९३ टक्के महिलांना पहिल्याच चक्रात स्रावातील बदल ओळखता आले. एल साल्व्हाडोरमधील सॅन मिगेल केंद्रातील अनेक महिला निरक्षर होत्या.

तिसरा गैरसमज आकड्यांचा आहे. पहिल्या वर्षात २४ टक्के अपयश, हा सर्रास दिला जाणारा आकडा अमेरिकेतील पाहणीतून आला असून त्यातील बहुतांश महिला स्वतःच दिवसांचा हिशेब करीत होत्या. ‘प्रमाणित दिवस’ पद्धतीच्या अभ्यासात नियम काटेकोर पाळल्यास सुमारे ५ टक्के, तर प्रत्यक्ष वापरात सुमारे १२ टक्के अपयश आढळले. अमेरिकेत निरोधच्या प्रत्यक्ष वापरातील अपयश सुमारे १३ टक्के मानले जाते.

तथापि, पुरस्कर्त्यांचे अतिरंजित दावेही तितकेच घातक आहेत. तांबी व नसबंदी यांची परिणामकारकता कितीतरी अधिक आहे. पतीचे सहकार्य नसेल तर नैसर्गिक पद्धत टिकत नाही; एचआयव्हीपासून ती संरक्षण देत नाही. केवळ स्तनपानावर विसंबायचे असेल, तर बाळ सहा महिन्यांहून लहान, पाळी पुन्हा सुरू न झालेली आणि बाळाला फक्त अंगावरचे दूध, या तिन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये १५ ते ४९ वयोगटातील विवाहित महिलांपैकी ५.७ टक्के पारंपरिक पद्धतींवर अवलंबून होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण १०.२ टक्क्यांवर गेले. यात संबंध खंडित करण्याच्या पद्धतीचाही समावेश आहे. म्हणजे संस्थांनी शिकविले नाही, तरी दांपत्ये दिवस मोजतातच, आणि पाळी संपताच गर्भधारणेची शक्यता सर्वाधिक असते असे मानणाऱ्यांची गणना उलटी ठरते. याची किंमत अनपेक्षित गर्भधारणेच्या रूपाने स्त्रीलाच मोजावी लागते.

१९९४ च्या कैरो परिषदेने माहितीपूर्ण निवडीचे तत्त्व मान्य केले. कोणती पद्धत स्वीकारावी हे दांपत्याने ठरवायचे आहे. प्रत्येक पद्धतीचे बळ आणि मर्यादा प्रामाणिकपणे सांगणे, एवढेच संस्थांचे काम आहे.