मध्यम पायवाट

आमचे चिरंजीव ॲरिझोनात असतात. आम्हा उभयतांसाठी त्यांनी रोडपालीला मोटारप्रवासाचा बेत धाडला: ग्रँड कॅन्यन, झायन आणि रोज एक ‘मध्यम’ पायवाट. मध्यम? कोणाच्या गुडघ्यांनी मोजून? अहो, आपल्या प्रबळगडावर आधी चढायचं. दम संपला की निमूट खाली. दरीत सगळा उलटा कारभार! उतरताना साठीतही विशीचे पाय फुटतात आणि चढण उरते ती भर दुपारी. उन्हाळ्यात तळाशी पारा ४० अंश ओलांडतो. साउथ कायबॅबच्या वाटेत प्यायला पाणी नाही. उतरण्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असं तिथले उद्यानरक्षकच बजावतात. चिरंजीवांच्या तक्त्यात मात्र दोन्हींना सारखाच! आम्ही कळवलं, “तक्ता चढणीपासून मांड.” सौ. म्हणाली, “संसाराचाही तसाच मांडायला हवा होता.”