कापड कापण्याचे यंत्र : घेण्यापूर्वी हिशेब मांडा

कापसाचे पैसे शेतकऱ्याच्या हातात आले की आपल्या जिल्ह्यात गादी-रजईचा धंदा हलू लागतो. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, वणी, पांढरकवडा, कुठेही जा, बाजारात गादी भरणाऱ्या मन्सूरी-पिंजारी भावांचे दुकान दिसतेच. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रजया आणि पुढे लग्नसराईत गाद्या, उशा, लोड, तक्के. या मोसमाच्या तोंडावर एक प्रश्न हमखास कानावर येतो. विजेवर चालणारे कापड कापण्याचे यंत्र घ्यावे काय? विकणारा माणूस वीस थर एका दमात कापून दाखवतो, हप्तेही करून देतो म्हणतो. पाहणाऱ्याचे मन लगेच तयार होते.

या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. यंत्र वाईट नाही. पण जिथे काम अडते तिथे लावले तरच त्याचा उपयोग. जिथे काम अडतच नाही तिथे लावलेले यंत्र म्हणजे दुकानात अडकलेले भांडवल.

आपल्याच धंद्याचा दाखला घ्या. आपले वाडवडील तातेची पिंजण खांद्यावर घेऊन गावोगाव फिरत. पिंजण हेच सर्वांत मोठे आणि कष्टाचे काम होते. कापूस मोकळा झाल्याशिवाय पुढचे काहीच होत नसे. म्हणून विजेवरचे पिंजण यंत्र आले तेव्हा ते टिकले. हजरत मन्सूर हल्लाज यांच्या नावातला हल्लाज म्हणजे कापूस पिंजणाराच. इ. स. ९२२ मध्ये बगदादला त्यांना सुळी देण्यात आले, त्याला हजार वर्षे होऊन गेली. इतका जुना हा पेशा, पण यंत्र आले तेव्हा आपल्या लोकांनी ते आनंदाने घेतले, कारण अडलेले काम त्याने सोडवले. कापणीच्या यंत्राला हीच कसोटी लावा.

घड्याळ लावून एका रजईचे काम मोजा. समजा, कापड मोजून कापायला ६ मिनिटे, खोळ शिवायला २०, कापूस भरून सारखा करायला २४ आणि हाताने टाके घालायला १०० मिनिटे लागतात. एकूण १५० मिनिटे. यंत्राने कापणी २ मिनिटांत झाली असे धरले तरी वाचली फक्त ४ मिनिटे. कारागिराची आठ तासांची मजुरी ४०० रुपये धरली तर ४ मिनिटांचे झाले सव्वातीन रुपयांच्या थोडे वर. यंत्र १२ हजारांचे असेल तर त्याची किंमत वसूल व्हायला ३,६०० रजया कराव्या लागतील. मोसमात ४०० रजया करणाऱ्या दुकानाला त्यासाठी नऊ वर्षे पाहिजेत. यात पाते, वीज आणि दुरुस्ती धरलेलीच नाही. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपापले आकडे घालून पाहा.

दुसरी गोष्ट. रजईची खोळ म्हणजे सरळ चौकोन. साध्या विणीचे सुती कापड असेल तर कडेला कात्रीचा छेद देऊन हाताने फाडले की ते धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. कापडाच्या दुकानात आम्ही थानातून असेच कापड देतो. यंत्राने कितीही जपून कापले तरी त्याहून सरळ येणार नाही. म्हणजे जे काम हात आणि एक छेद फुकटात करतात, त्यासाठी १२ हजार घालण्यात शहाणपण नाही. साटीन, मखमल, जाड जीन यांची गोष्ट वेगळी, ती कापावीच लागतात.

काही भाऊ म्हणतात, पानिपतच्या ब्लँकेटने बाजार खाल्ला, आता यंत्राशिवाय टिकाव नाही. दुखणे खरे आहे, पण हे औषध त्याचे नव्हे. पानिपतला पॉलिएस्टरचे ब्लँकेट मोठमोठ्या गिरण्यांत तयार होते. कापणीत चार मिनिटे वाचवून आपण त्याच्या भावाला पुरणार नाही. आपली ताकद दुसरीकडे आहे. सुती रजई चार वर्षांनी उसवता येते, तोच कापूस पुन्हा पिंजता येतो, नवी खोळ घालून तीच रजई पुन्हा वापरता येते. ब्लँकेटचे असे होत नाही. पैसा घालायचाच असेल तर चांगल्या कापसात, पक्क्या रंगाच्या कापडात आणि टाक्यांच्या सफाईत घाला. गिऱ्हाईक त्यासाठीच आपल्याकडे येते.

मग यंत्र कोणी घ्यावे? ज्याच्याकडे एकाच मापाचा माल रोज शेकड्यांनी निघतो, त्याने. होस्टेल, लॉज, दवाखाने, मंडपवाले यांचे गाद्यांच्या खोळींचे आणि उशांच्या गिलाफांचे काम ज्याच्याकडे आहे, त्याचा हिशेब उलटा येतो. समजा, रोज ३०० गिलाफ निघतात आणि कात्रीने एकाला २ मिनिटे लागतात. ६०० मिनिटे झाली, म्हणजे एका माणसाच्या दिवसाहून जास्त. थर लावून यंत्राने हे काम १२० मिनिटांत झाले तर रोज ४८० मिनिटे, म्हणजे एका माणसाची पूर्ण मजुरी वाचते. ४०० रुपये रोज धरले तर १२ हजारांचे यंत्र ३० कामाच्या दिवसांत फिटते. पण दोन अटी आहेत. असे काम वर्षातून किती दिवस असते? आणि कापलेला माल शिवायला तेवढ्या मशिनी व हात आहेत काय? नसतील तर फक्त कापलेल्या मालाचा ढीग वाढेल.

यंत्राची जातही पाहून घ्यावी. गोल पात्याचे लहान यंत्र थोड्या थरांना आणि सरळ रेषेला ठीक. कोपऱ्यात ते फसते, कारण पाते गोल असल्याने वरचा थर पुढे कापला जातो आणि खालचा मागे राहतो. उभ्या पात्याचे यंत्र जास्त थर आणि कोपरेही कापते, पण त्याला लांब, सपाट टेबल पाहिजे. ज्याच्या दुकानात टेबलाला जागा नाही, त्याने आधी जागेचा विचार करावा. बोटांसाठी लोखंडी जाळीचा हातमोजा यंत्राबरोबरच घ्यावा, नंतर नव्हे. पाती आणि सुटे भाग कुठे मिळतात तेही विचारावे. ऐन मोसमात पात्यासाठी नागपूरची खेप पडली की वाचलेला वेळ गेला.

यात ईमानदारीचाही प्रश्न आहे. थर घसरले किंवा यंत्र तिरके धरले तर वरचा आणि खालचा तुकडा एका मापाचा राहत नाही. साटीनमध्ये तर हे फार होते. चिठ्ठीवर ६० बाय ९० इंच लिहायचे आणि खालच्या थरातली खोळ ५९ बाय ८८ निघायची, हे आपल्याला चालणार नाही. माप पुरे देण्याची ताकीद आपल्या दीनात किती सख्त आहे हे सांगायला नको. यंत्राने कापलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातला वरचा, मधला आणि खालचा तुकडा फीत लावून मोजावा.

आता तुकड्यांच्या गोधडीबद्दल. शहरांत अशा गोधडीला मागणी आहे आणि आपल्या मोहल्ल्यातल्या आया-बहिणींच्या हातात हा हुन्नर आहे. शिंप्याकडची कतरण स्वस्तात मिळते. इथे गोष्ट वेळेची नाही, अचूकपणाची आहे. ६० बाय ९० इंचाच्या गोधडीला ५ इंची चौकोन लावले तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ तुकडे लागतात. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला पाव इंच धरून तुकडा साडेपाच इंचाचा कापावा लागतो. प्रत्येक तुकडा फक्त इंचाचा सोळावा भाग चुकला तरी १२ तुकड्यांच्या ओळीत पाऊण इंचाचा फरक पडतो. मग कोपरे जुळत नाहीत आणि गोधडी ताणल्यासारखी दिसते.

या कामासाठी विजेचे यंत्र नको, हातात धरायचे चाकासारखे गोल पाते पुरे. जपानच्या ओल्फा कंपनीने ते १९७९ साली बाजारात आणले. आता इतरांचेही मिळते. ४५ मिलिमीटरचे पाते बहुतेक कामाला चालते. सोबत खाली घालायची जाड चटई आणि इंचाच्या रेघा असलेली पारदर्शक पट्टी घ्यावी, त्याशिवाय पाते घेणे व्यर्थ आहे. सुती कापडाचे चार थर त्याने सहज आणि सारखे कापले जातात. पाते बोथट झाले की मध्येमध्ये धागे कापायचे राहतात, तेव्हा ते बदलावे. काम झाले की पाते झाकून ठेवावे, घरात मुले असतात. घरी तुकडे शिवणाऱ्या बाईला नगावर मजुरी मिळते, उसवून पुन्हा शिवल्याची मिळत नाही. म्हणून तुकडा चुकीचा कापला तर नुकसान तिचे होते. त्यांना काम देणाऱ्या व्यापाऱ्याने ही तीन साधने स्वतः घेऊन द्यावीत असे माझे मत आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. हप्त्यांत सूद दडलेले असते. ते आपल्याला मना आहे, आणि नुसता हिशेब पाहिला तरी मोसमी धंद्याला बारमाही हप्ता झेपत नाही. त्याऐवजी तीन-चार दुकानदारांनी शिरकतीत यंत्र घ्यावे. कोणाचा हिस्सा किती, कोणाचे दिवस कोणते, मोडले तर खर्च कोणाचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. जवळच्या माणसाकडून कर्ज-ए-हसना मिळत असेल तर उत्तम. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या १८ पेशांत शिंपी आहे, गादी-रजईवाल्याचे वेगळे नाव नाही. त्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आहे आणि ती परत करायची नाही. कर्जाचा भाग वेगळा असून त्यावर ५ टक्के व्याज आहे. ज्याला सूद नको त्याने अवजारांच्या मदतीपुरतीच चौकशी करावी. जे भाऊ शिवणकामही करतात त्यांनी ती जरूर करावी.

शेवटी कात्री चालवणाऱ्या माणसाबद्दल. यंत्र आले म्हणून जुन्या माणसाला घरी बसवणे हा नफा नव्हे. कापडाची नस त्याला कळते. थर लावणे, माप तपासणे, टाक्यांची सफाई पाहणे ही कामे त्याच्याकडे द्या. यंत्र त्याच्याच हातात दिले तर पातेही जास्त टिकेल.

तेव्हा बयाणा देण्यापूर्वी एक मोसम वहीत तीन गोष्टी लिहा. रोज किती नग कापले, कापायला किती वेळ गेला आणि शिवणारे हात कापणीसाठी किती वेळा थांबले. तिसऱ्या रकान्यात रोज आकडा पडत असेल तर यंत्र खुशाल घ्या. तो रकाना कोरा राहिला तर तोच पैसा कापसात घाला. अल्लाह आपल्या सर्वांच्या कष्टाच्या कमाईत बरकत देवो.