दलालीची ओळ कुठे आहे?

रविवारी संध्याकाळी आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाडेकराराची नोंदणी चालू होती. करार करणारा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचा स्कॅनर घेऊन घरीच आला होता. मालकांचा अंगठा झाला, नवीन जोडप्याचे झाले, साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं, माझाही झाला. चहा आला. तेवढ्यात त्या जोडप्यातला नवरा ब्रोकरकाकांना म्हणाला, "काका, एक महिन्याचं भाडं म्हणजे फार होतंय. अर्धं देतो. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळे अर्ध्यातच उरकतात."

भाडं 28 हजार. बोलणं झालं होतं एका महिन्याचं. तीन रविवारी मिळून नऊ फ्लॅट काकांनी दाखवले होते, त्यातले दोन तर भर पावसात. काका काही बोलले नाहीत. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता, प्रत्येक किल्लीला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलेला फ्लॅट नंबर. त्यातली एक किल्ली सोडवून त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "द्या, जमेल तसं." अंगठे उठल्यावर ब्रोकरच्या हातात काहीच उरत नाही. करार झालेला असतो, किल्ली दिलेली असते. दर कमी करायचा तर तो पहिल्या रविवारी करायचा, शेवटच्या नाही. मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

तरीही मी यावर स्तंभ लिहिला नसता. लिहायला लावलं ते पुढच्या बोलण्यानं. चहा पिता पिता बायको म्हणाली की हे घर दोनच वर्षांसाठी, कारण पुनावळ्याला त्यांनी नवीन इमारतीत फ्लॅट बुक केलाय, 80 लाखांचा. तिथला एजंट किती चांगला, घरून गाडीने नेलं, परत आणून सोडलं. "आणि काका, त्यांनी आमच्याकडून एक पैसासुद्धा घेतला नाही."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की मोजणं सोडून दिलंय.

नवीन इमारतींच्या धंद्यात या एजंटाला चॅनल पार्टनर म्हणतात. त्याला पैसे बिल्डर देतो. दोन-तीन टक्के सर्रास, आणि फ्लॅट पडून राहिले असतील तर त्याहून बरेच जास्त. तीनच धरू. 80 लाखांवर 3 टक्के म्हणजे 2 लाख 40 हजार. बिल्डर हे पैसे कुठून आणतो? जाहिरातीचे, सॅम्पल फ्लॅटचे जिथून आणतो तिथूनच, म्हणजे फ्लॅटच्या दरातून. आता पुढचा हिशेब बघा. त्या दरावर पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के आणि बांधकाम चालू असलेल्या या फ्लॅटवर जीएसटी 5 टक्के. म्हणजे दरात मुरलेल्या त्या दलालीवर या जोडप्याने भरलेला नुसता कर 28 हजार 800 रुपये होतो. काकांची पूर्ण दलाली 28 हजार होती. वर त्या 2 लाख 40 हजारांचा मोठा भाग गृहकर्जात गेलेला, त्याचं व्याज वीस वर्षं.

मुलं हुशार आहेत, दोघंही आकड्यांचंच काम करतात. मग हे त्यांना दिसलं कसं नाही? दिसलं नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. त्यांनी मला मोबाइलवर कॉस्टशीट दाखवली. मूळ किंमत, फ्लोअर राइज, पार्किंग, क्लबहाउस, एमएसईबीचा खर्च, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ, वकिलाची फी, जीएसटी, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी 30 हजार. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. दलालीची ओळ नाही.

इथे मला वडिलांच्या पट्ट्या आठवतात.  जुन्नरकडून आमचा टोमॅटो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात यायचा आणि संध्याकाळी गाडीवाल्याबरोबर अडत्याची, म्हणजे तिथल्या दलालाची, पट्टी घरी यायची. पातळ कागद, खाली कार्बन. क्रेट किती, भाव काय, रक्कम किती. त्याखाली एकेक वजावट: भाडं, हमाली, तोलाई, अडत, आधी उचल घेतली असेल तर ती. शेवटी निव्वळ रक्कम, तिच्याखाली दोन रेघा. आई त्या पट्ट्या तारेत ओवून ठेवायची. वडील शिकलेले कमी, पण अडतीच्या ओळीवर त्यांचं बोट थांबायचं. दर महिन्याला थांबायचं. "माल माझा, घाम माझा, आणि याला देणार मी," असं म्हणायचे.

त्या एका ओळीवरून पुढे राज्यात काय काय झालं ते आठवा. 2014 च्या डिसेंबरात पणन संचालकांनी आदेश काढला की अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी. व्यापाऱ्यांनी विरोध केला, आदेशाला स्थगिती मिळाली. 2016 च्या जुलैत सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि अडत खरेदीदारावर टाकली. बाजार बंद पडले, नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव कित्येक दिवस झाले नाहीत. पण अखेर ती ओळ शेतकऱ्याच्या पट्टीवरून गेली. काही ठिकाणी ती वेगळ्या नावाने पुन्हा येते अशा तक्रारी अजून ऐकू येतात. खरेदीदार ती भाव पाडून वसूल करतो, असंही शेतकरी सांगतात. मला ते पटतं, हातात पुरावा नसला तरी. तरीसुद्धा भांडण होऊ शकलं याचं कारण एकच: अडत लिहिलेली होती. वडिलांच्या बोटाला थांबायला जागा होती.

अडत्याची बाजूही सांगितली पाहिजे. तो नुसता मध्यस्थ नव्हता. पेरणीला उचल द्यायचा, खरेदीदार पैसे द्यायला उशीर करो की बुडवो, शेतकऱ्याला पट्टी त्याच दिवशी मिळायची. पैशाची जोखीम त्याच्या डोक्यावर. ब्रोकरकाकांच्या डोक्यावर पैशाची जोखीम नाही, पण वेळेची सगळी आहे. पाच जणांना घरं दाखवावीत तेव्हा एकाचं जमतं, असं ते सांगतात. उरलेल्या चौघांचं पेट्रोल आणि रविवार त्या एकाच्या दलालीतून निघतात. अर्धं द्या म्हणणाऱ्याने हे चौघे मोजलेले नसतात.

माझा हट्ट एकच: जे ठरलं ते कागदावर हवं.  दलालीबाबत तर कायद्यानेच मोठी जागा मोकळी सोडली आहे. रेरा हा स्थावर मालमत्तेचा कायदा 2017 च्या 1 मे पासून पूर्ण लागू झाला. नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्या एजंटाला महारेराचा, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाचा, क्रमांक घ्यावा लागतो, 2023 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. चांगलं झालं. पण दलाली किती असावी हे रेरा सांगत नाही, आणि भाड्याच्या घरांचे ब्रोकर तर त्या कायद्याच्या बाहेरच आहेत. काकांना ना नोंदणी, ना दरपत्रक, ना सही केलेला कागद. शब्दावर काम आणि शब्दावरच पैसे. शब्द फिरला की संपलं.

अमेरिकेतही गेली दोन-तीन वर्षं एजंटांच्या कमिशनवरून रान पेटलंय, इकडे ते "तिकडेसुद्धा दलाली कमी केली" एवढ्याच बातमीने पोचलं. भांडण नीट बघायला हवं. तिथे घर विकणारा एकूण पाच-सहा टक्के द्यायचा आणि त्यातूनच खरेदीदाराच्या एजंटालाही वाटा जायचा. खरेदीदाराला वाटायचं आपला एजंट फुकट आहे. पुनावळ्याचंच वाक्य, फक्त डॉलरमध्ये. 2023 च्या ऑक्टोबरात कॅन्सस सिटीच्या ज्युरीने घर विकणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला, पुढच्या मार्चमध्ये तिथल्या रिअल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने 41 कोटी 80 लाख डॉलर देऊन तडजोड केली. 17 ऑगस्ट 2024 पासून नवा नियम आला: घर दाखवायला नेण्याआधी एजंटाने खरेदीदाराशी लेखी करार करायचा, त्यात मोबदला आकड्यात लिहायचा, आणि तो घासाघीस करून ठरवता येतो हेही लिहायचं. न्यू जर्सीत घर शोधणारी माझी भाची फोनवर कुरकुरत होती की पहिलं घर बघायच्या आधीच सही मागतात. मी तिला म्हटलं, कर, आणि आकडा वाचून कर. दर ठरवायची वेळ तीच.

ब्रोकरांचं सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. अकरा महिने संपले, भाडेकरू तोच, मालक तोच, तरी नूतनीकरणाला पुन्हा महिन्याची दलाली मागणं मला मुळीच मान्य नाही. त्या दिवशी काम काय केलं? फोटोत एक घर आणि प्रत्यक्षात दुसरं, हे तर फसवणंच आहे. आडनाव ऐकून "मालकांना चालणार नाही" म्हणणारे ब्रोकर मी पाहिलेत, आणि मालकांच्या तोंडचे ते शब्द निमूटपणे पोचवायचेही पैसे ते घेतात. यांच्याशी भांडा. पण कामाच्या आधी भांडा, आणि कामाबद्दल भांडा. ज्याने नऊ घरं दाखवली, मालकाला दोन हजारांनी खाली आणलं, पोलिस पडताळणीचे कागद भरून दिले, त्याचे पैसे करार झाल्यावर निम्मे करणं ही घासाघीस नव्हे. ठरलेली मजुरी बुडवणं आहे ते. शेतमजुराच्या बाबतीत असं कुणी केलं तर गावात त्याला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि दबाव कुणावर येतो ते बघा. मुद्रांक शुल्कात कुणी घासाघीस करत नाही, करताच येत नाही. बिल्डरने आपल्या एजंटाला काय दिलं हे कुणी विचारत नाही. मी विचारलं. बुधवारी एका परिचिताबरोबर बाणेरकडच्या एका विक्री कार्यालयात गेलो होतो. तिथल्या मुलीला म्हटलं, "आम्ही थेट आलोय, मध्ये कुणी नाही. मग एजंटाचे टक्के दरातून कमी होतील ना?" ती आत जाऊन विचारून आली. "सर, रेट तोच राहतो. आणि ते परसेंटेज आमचं इंटर्नल असतं." ज्या पैशावर माझा परिचित कर भरणार, व्याज भरणार, ते पैसे तिच्या लेखी त्याच्याशी संबंधित नाहीत.

मागणी माझी साधी आहे. महारेराने कॉस्टशीटचा एकच नमुना ठरवावा आणि त्यात एक ओळ सक्तीची करावी: या विक्रीवर एजंटाला दिलेली किंवा द्यायची रक्कम. नसेल तर शून्य लिहा. मार्केट यार्डातला अडत्या पातळ कागदावर कार्बन घालून जे लिहीत होता, तेवढं 80 लाखांचा फ्लॅट विकणाऱ्याला जड जाऊ नये. भाड्याच्या व्यवहारासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. काकांना मी एक पान टाइप करून दिलंय: किती घरं दाखवणार, जमलं तर किती घेणार, कधी घेणार, नूतनीकरणाला काही घेणार नाही, खाली दोघांच्या सह्या. त्यांनी पन्नास प्रती काढल्यात, किल्ल्यांच्या पिशवीत ठेवल्यात. नूतनीकरणाच्या ओळीवर त्यांनी बराच वेळ वाद घातला, पण ठेवली.

आता वाचकांना एक काम. गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही नवीन फ्लॅट घेतला असेल तर कपाटातून कॉस्टशीट काढा. ज्यांच्या कॉस्टशीटवर दलालीची ओळ सापडेल त्यांनी ती मला पाठवा. नावं झाकून मी इथे छापीन.