आधी गाव, मग घोट

दिवाळीच्या दिवसांत पुस्तकांच्या दुकानात शिरलेल्या वाचकाची मोठी गोड पंचाईत होते. समोर शे-दीडशे अंक मांडलेले. खिशात पैसे चार अंकांपुरते आणि सवड त्याहूनही कमी! मुखपृष्ठावरची तरुणी सगळ्यांकडेच पाहून हसत असते, तेव्हा तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नसतो. मुरलेला वाचक अनुक्रमणिका उघडतो, कोणी काय लिहिले आहे ते पाहतो आणि चार अंक काखोटीस मारून बाहेर पडतो.

वाइन चाखण्याच्या मेळ्यातही याहून वेगळे काही घडत नाही. पूर्वी ही चैन प्रवासवर्णनांतून वाचायची. आता द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या बाजूला असे मेळे भरतात. मागे अशाच एका मेळ्याला मी जायचे ठरवले, तेव्हा आमच्या सांगोल्यातल्या एका सहकाऱ्याने डोळे विस्फारून विचारले, “काय सर, तुमी बी?” मी म्हटले, “अहो, इतकी वर्षे वर्गात रसास्वाद शिकवतो. तिथल्या पत्रिकेवर तोच शब्द छापलाय. मग मराठीच्या मास्तराने जायचे नाही, तर कुणी जायचे?”

या रसास्वादाचेही काही व्याकरण आहे. वाइनमध्ये मद्यार्क साधारण बारा-तेरा टक्के असतो. वीस टेबलांपुढे वीस पेले रिचवणाऱ्याला रस कळत नाही आणि परतीची वाटही कळत नाही! जाणकार मंडळी एकेक लहान घोट तोंडात घोळवतात आणि शेजारच्या भांड्यात टाकून देतात. फेसाळ वाइन आधी, मग पांढरी, मग तांबडी आणि गोड सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवतात. तांबड्या वाइनला रंग येतो तो द्राक्षाच्या सालीचा. त्या सालीतला तुरटपणा एकदा जिभेवर बसला, की पांढरीची नाजूक चव हाती लागत नाही. निघण्यापूर्वी सोलापुरी शेंगाचटणी खाल्ली असेल, तर सगळेच मुसळ केरात. पाच-सहा वाइनांनंतर जीभ थकते. म्हणजे निवड करायची ती चार-पाच वाइनऱ्यांची. आणि ती कशी करावी, हाच खरा प्रश्न.

याचे उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी मिळाले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक प्रकरण आहे. त्यात द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याची जी दोन नावे दिली आहेत, ती दोन्ही मुलखांवरून पडलेली आहेत. त्यांतले एक कापिशायन, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या कापिशीचे. त्या आचार्यांना बाटलीचा आकार ठाऊक नव्हता, पण पेय ओळखायचे ते त्याच्या मुलखावरून, हे पक्के ठाऊक होते. मीही ठरवून टाकले, आधी गाव विचारायचे, मग घोट घ्यायचा.

त्या हिशेबाने पहिला मान घरचा. आमच्या शेजारच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या बाजूला, फ्रातेल्ली नावाची वाइनरी आहे. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्यांनी ती उभारली. सांजोवेसे ही इटलीतली द्राक्षे सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या हवेत पिकतात, ही गोष्टच मुळी चाखून पाहण्यासारखी! दुसरा पेला त्याच जातीच्या द्राक्षाचा, पण परमुलखातला घ्यावा. अकलूजची शिराझ चाखल्यावर नाशिकची शिराझ चाखली, की माती आणि हवा यांचे बोलणे ऐकू येऊ लागते. तिसरा पेला वाट पाडणाऱ्याचा. राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि नाशिकच्या द्राक्षाला नवा धंदा मिळाला. उरलेले एक-दोन पेले मात्र अनोळखी, लहान वाइनऱ्यांसाठी राखून ठेवावेत. तेथेच तर खरी परीक्षा असते.

ती परीक्षा एकाच प्रश्नाची, “ही द्राक्षे कुणाच्या बागेतली?” एका टेबलावरचा तरुण मोठ्या ऐटीत म्हणाला, “फ्रान्सची जात आहे, सर.” मी जात विचारली नव्हती, गाव विचारले होते! पुढच्या टेबलावरच्या गृहस्थांनी गावाचे नाव सांगितले, छाटणी कधी झाली ते सांगितले आणि बागायतदाराशी किती वर्षांचा करार आहे तेही सांगितले. मी तेथे थांबलो.

आता कोणी म्हणेल, घोटभर रसासाठी एवढी चौकशी कशाला? तर ऐका. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी एका कंपनीशी करार करून दोन एकर वाइनची द्राक्षे लावली होती. राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, करांत सवलती दिल्या, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क काढले. त्या उत्साहात अनेकांनी लावली, तशी यांनीही. पुढे २००८ साली जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइनचा खप बसला. कंपनीची गाडी बागेकडे फिरकेना. ते गृहस्थ मला म्हणाले, “सर, खायच्या द्राक्षाला भाव न्हाई मिळाला तर बेदाणा करता येतो. ह्याचं काय करायचं? बारीक मणी, आत बिया. बाजारात कुणी हातात बी घेत न्हाई.” त्यांनी वेली उपटल्या. त्या दिवसांत अशा बागा अनेक ठिकाणी उपटल्या गेल्या.

सारी मेख या दोन वाक्यांत आहे. आमच्या जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी ‘सोनाका’ ही द्राक्षाची जात शोधली. तिला गिऱ्हाईके हजार. सांगोल्याच्या डाळिंबांना येथे भाव नसेल, तर ती परमुलखात जातात. देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. वाइनच्या द्राक्षाला मात्र एकच दार, वाइनरीचे. ते लागले, की वर्षाचे पीक वेलीवरच सुकते.

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! शेतकऱ्याचे भले होईल, असे एक बाजू म्हणे. दारू ती दारूच, असे दुसरी म्हणे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. दारूने उठलेली घरे मास्तराला हजेरीपटावरूनही दिसतात. ज्याला प्यायचे नाही त्याने खुशाल पिऊ नये. पण शेतकऱ्याच्या नावाने जो पेला उचलला जातो, त्या पेल्याला शेतकऱ्याचे नाव विचारायला काय हरकत आहे? नाव सांगता येते, तेथे हिशेबही बहुधा सरळ असतो. निदान विचारणारा कोणी आहे, एवढे तरी त्यांना कळते.

हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा फळछाटणी झालेल्या बागांना नवे फुटवे आलेले असतील. त्यांची द्राक्षे माघ-फाल्गुनात वाइनरीच्या दारी जातील. पुढे कधी एखाद्या मेळ्यात तुम्ही उभे राहिलात, तर पेला पुढे करण्याआधी तेवढे गाव विचारा.