पायगाडीस दंड

दंड यथार्ह असावा, हा कौटिल्याचा दंडक. कोलकात्याच्या पोलिसांनी मात्र २०१३ साली १७४ रस्त्यांवर सायकलींस बंदी केली. कारण काय, तर म्हणे वाहतूक मंदावते! दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारे यांजवर दंडाची पाळी आली. वस्तुतः २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात सायकलीस उत्तेजन देण्याचाच उपदेश होता. आमच्या करमाडच्या जालना रस्त्यावरही मोटारींच्या गर्दीत सायकलवाल्यास कडेची वीतभर जागा उरते. रात्री दिव्यावाचून हिंडणाऱ्यास अवश्य समज द्यावी; परंतु मोटार नसणे हा अपराध नव्हे. आपल्या दाराशी सकाळचे दूध कोणाच्या चाकांवरून येते, याचा विचार मोटार बाळगणाऱ्या घरांतील कर्त्या मंडळींनी करावा, इतकीच आमची विनंती.